उशिरा आलेलं बरोबर उत्तर

संगणकाची चूक म्हटलं की आपल्याला आठवतं ते चुकीचं बिल. दोन खोल्यांच्या घराला लाखभर रुपयांचं वीजबिल आलं, गुणपत्रिकेत शंभरपैकी एकशे चार गुण पडले, अशा बातम्या आपण चहा पिता पिता वाचतो, हसतो आणि पान उलटतो. आज मी ज्या चुकांविषयी सांगणार आहे, त्या या जातीच्या नाहीत. त्यांच्यात गणित बहुधा बरोबर असतं. उत्तरही बरोबर येतं. फक्त ते यायला हवं तेव्हा येत नाही.

घरच्या संगणकावर एखादं चित्र उघडायला दोन सेकंद जास्त लागले तर आपण वैतागतो, त्यापलीकडे काही बिघडत नाही. पण मोटारीचा ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं घसरू नयेत म्हणून आत जो छोटा संगणक राबत असतो, त्याला ‘जरा थांबा, सांगतो’ म्हणायची सोय नाही. त्याचं उत्तर ठरलेल्या क्षणाच्या आत आलं तर उपयोगाचं, नाहीतर ते आलं काय आणि न आलं काय, सारखंच. रुग्णालयात थेंबाथेंबानं औषध सोडणारा पंप, विमानाचं नियंत्रण, कारखान्यातली यंत्रं, अवकाशयानं, सगळीकडे हाच नियम. अशा संगणकांच्या मुळाशी जी आज्ञावली असते तिला ‘रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हणतात. या नावाचं शब्दशः भाषांतर करून काही हाती लागत नाही. मी तिला आपला मुकादम म्हणतो. हाताशी मजूर एक आणि कामं वीस; कोणतं आधी करायचं, कोणतं अर्धवट सोडून दुसऱ्याला वाट द्यायची, हे क्षणोक्षणी ठरवायचं आणि कुठलंही तातडीचं काम वेळेबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही त्याची नोकरी.

या मुकादमाच्या चुका शोधायच्या आणि निस्तरायच्या, हा एक स्वतंत्र उद्योग आहे आणि त्याला आता साठ वर्षांचा इतिहास आहे. यंत्रं बनवणाऱ्यांची नावं पाठ्यपुस्तकात जातात. ती नंतर सांभाळणाऱ्यांची फारशी जात नाहीत. मला मात्र ही दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त जवळची वाटतात.

सुरुवात चंद्रापासून करू. अपोलो यानांमधला संगणक अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत तयार झाला. वजन सुमारे ३२ किलो. कायमच्या स्मृतीत ३६,८६४ शब्दांची जागा आणि पुसून पुन्हा लिहिता येईल अशी जागा फक्त २,०४८ शब्दांची. एवढ्याशा यंत्रासाठी हॅल लॅनिंग या गणितज्ञानं असा मुकादम रचला, की प्रत्येक कामाला महत्त्वाप्रमाणे क्रमांक द्यायचा आणि वरच्या क्रमांकाचं काम आलं की खालच्याला बाजूला सारायचं. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी ती धाडसाची होती, कारण कोणतं काम कधी होईल हे आधी कागदावर लिहून दाखवता येत नव्हतं.

२० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत असताना, पृष्ठभाग अजून दहा किलोमीटर खाली असताना, संगणकानं ‘१२०२’ असा धोक्याचा आकडा दाखवला. अर्थ असा, की कामं इतकी साचली आहेत की नवीन काम ठेवायला जागाच उरलेली नाही. ह्यूस्टनमध्ये जॅक गारमन नावाचा चोवीस वर्षांचा अभियंता बसला होता. काही दिवसांपूर्वीच्या सरावात असाच एक आकडा आल्यावर विनाकारण उतरणं रद्द झालं होतं. त्यावर वरिष्ठांनी फर्मान काढलं होतं, की असे जेवढे म्हणून आकडे आहेत तेवढ्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे काय करायचं ते लिहा. गारमननं ती यादी हातानं लिहून आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. त्यानं ती पाहिली आणि सांगितलं: वारंवार येत नसेल तर पुढे जायला हरकत नाही. स्टीव्ह बेल्सनं ‘गो’ दिला.

पुढे जायला हरकत नव्हती, कारण मुकादम पक्का होता. जागा संपल्यावर तो गोंधळून बसला नाही. त्यानं स्वतःला पुन्हा सुरू केलं, बिनमहत्त्वाची कामं टाकून दिली आणि इंजिन व दिशा सांभाळणारी कामं जिथं होती तिथून पुन्हा उचलली. त्या काही मिनिटांत असं पाच वेळा झालं.

मूळ चूक कुठं होती? परतीच्या भेटीसाठी असलेलं रडार एका विशिष्ट स्थितीत चालू ठेवलेलं होतं. त्याचा वीजपुरवठा आणि संगणकाचा वीजपुरवठा यांच्या लहरींची वारंवारता एक होती, पण त्या एकाच क्षणी वर-खाली होत नव्हत्या. दोन टाळकरी एकाच लयीत, पण एक अर्ध्या मात्रेनं मागे, तसं. त्या तफावतीमुळे रडार हलत नसतानाही हललं असं संगणकाला सारखं वाटत राहिलं आणि ते मोजण्यात त्याचा तेरा ते पंधरा टक्के वेळ फुकट गेला. दोन विभागांमधल्या करारनाम्यात ‘वारंवारता जुळलेली असावी’ असं लिहिलं होतं. लहरींचे क्षणही जुळलेले असावेत, हे लिहायचं राहिलं होतं.

अपोलो-१४ ची हकीकत याहून गमतीची. चंद्रावर उतरायच्या तयारीत असताना, ५ फेब्रुवारी १९७१ ला, ‘उतरणं रद्द’ या बटणाचा संकेत संगणकाला आपोआप मिळू लागला. बहुधा बटणाच्या आत डाखाचा एखादा सुटा कण तरंगत होता. फळीवर टकटक केलं की संकेत जाई, पुन्हा येई. उतरताना इंजिन पेटल्यावर तो आला असता तर संगणकानं हुकूम मानून यान वर उचललं असतं. आज्ञावली बदलून टाका म्हणावं, तर ती अक्षरशः विणलेली होती. तांब्याची तार चुंबकीय कड्यातून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य, असं कारखान्यातल्या स्त्री-कामगारांनी हातानं केलेलं विणकाम होतं ते. एकदा विणलं की झालं.

मग एमआयटीतल्या डॉन आइल्स या तरुणानं दोनेक तासांत एक युक्ती काढली. पुसता येणाऱ्या त्या चिमूटभर जागेत एक आकडा बदलायचा, म्हणजे संगणकाला वाटेल की उतरणं आधीच रद्द झालंय आणि परतीचा कार्यक्रम सुरू आहे. तसं वाटलं की तो त्या बटणाकडे पाहणारच नाही. यान प्रत्यक्षात उतरत राहील. आज्ञांची ती यादी ह्यूस्टनला गेली, तिथं नकली यानावर पडताळली गेली आणि रेडिओवरून एकेक आकडा सांगत अंतराळवीरांकडून टाइप करून घेतली. यान व्यवस्थित उतरलं. आपल्याकडे याला जुगाड म्हणून मोकळे होतील, पण मला तो शब्द इथं हलका वाटतो. प्रत्येक आकड्याचा परिणाम ठाऊक असल्याशिवाय असं खोटं बोलता येत नाही.

दहा वर्षांनी, १० एप्रिल १९८१ ला, कोलंबिया हे पहिलं स्पेस शटल उड्डाणासाठी उभं होतं. आत जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन. शटलमध्ये चार संगणक एकच काम एकसाथ करत आणि पाचवा, वेगळ्या कंपनीची आज्ञावली असलेला, राखीव म्हणून त्यांच्याकडे कान लावून असे. उड्डाणाला वीस मिनिटं उरली असताना त्या पाचव्याला चौघांचा ताल सापडेना. उड्डाण रद्द झालं. साऱ्या जगाचे कॅमेरे तिथं होते. शोध घेतल्यावर कळलं की चौघे मिळून एका फेरीनं चुकलेले होते आणि ही चूक संगणक पहिल्यांदा चालू होतो त्या क्षणालाच घडे, तीही सदुसष्टात एकदा. दोन वर्षांपूर्वी आज्ञावलीत केलेल्या एका किरकोळ बदलानं तिचा जन्म झाला होता आणि वर्षभरानं केलेल्या दुसऱ्या बदलानं ती शक्यता वाढवली होती. दोन्ही बदल आपापल्या जागी योग्य होते. ती सदुसष्टातली एक वेळ नेमकी त्या दिवशी उगवली. संगणक पुन्हा सुरू केले, ताल जमला आणि १२ एप्रिलला कोलंबिया उडालं. या चुकीची सविस्तर कथा पुढे लिहिली ती त्याच जॅक गारमननं, ज्याच्या काचेखाली १९६९ साली यादी होती.

आतापर्यंतच्या गोष्टी सुखान्त होत्या. पुढची नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेनं सौदी अरेबियात आणि इस्रायलमध्ये पेट्रियट क्षेपणास्त्रांच्या तुकड्या नेमल्या होत्या. इराकची स्कड क्षेपणास्त्रं हवेतच पाडायची, हे त्यांचं काम. पेट्रियट मुळात विमानं पाडण्यासाठी घडवलेलं होतं. एका ठिकाणी काही तास थांबायचं, मग हलायचं, असा त्याच्या वापराचा हिशेब होता. त्याचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दशांशात. आता एक दशांश हा आकडा आपल्याला सोपा वाटतो, पण संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत तो कधीच पुरा लिहिता येत नाही, जसा एक-तृतीयांश आपल्याला दशांशात पुरा लिहिता येत नाही. चोवीस अंकी जागेत मावेल तेवढा ठेवून उरलेला छाटला जाई. प्रत्येक दशांश सेकंदामागे चूक पडे ती एका सेकंदाच्या कोट्यंशाएवढी. पण यंत्र चालू राहील तशी ती साचत जाई. सलग शंभर तास चाललं की साचलेली चूक होते ०.३४ सेकंद. एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून पुढे गेलेलं असतं.

पुढे जाणकारांनी या आज्ञावलीची आणखी एक बाजू दाखवली. वेळ अधिक अचूक मोजणारा सुधारलेला तुकडा तिच्यात आधीच घातलेला होता. काही जागी घातला, काही जागी राहिला. दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असत्या तर वजाबाकीत चूक उडून गेली असती. एक अचूक आणि एक जुनी, अशा दोन वेळांची वजाबाकी झाली आणि चूक तशीच उरली. दुरुस्तीच्या कामात असलेल्या माणसाला हे वाचून पोटात गोळा येतो. अर्धवट दुरुस्ती मूळ दोषापेक्षा वाईट ठरू शकते, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक असतं.

तारखा नीट पाहण्यासारख्या आहेत. ११ फेब्रुवारीला इस्रायलनं कळवलं की यंत्र आठ तास चाललं की नेम लक्षणीय सरकतो. १६ फेब्रुवारीला सुधारलेली आज्ञावली तयार होऊन निघाली. २१ तारखेला तुकड्यांना संदेश गेला की यंत्र फार वेळ सलग चालवल्यास अडचण येऊ शकते. ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. अधिकाऱ्यांची समजूत अशी, की इतका वेळ सलग कोणी चालवणारच नाही. दहरानची तुकडी तेव्हा शंभर तासांच्या दिशेनं चालली होती. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला लागतात साठ ते नव्वद सेकंद. तेवढ्यानं घड्याळ शून्यावर आलं असतं.

२५ फेब्रुवारीच्या रात्री स्कड आलं. रडारनं ते पहिल्यांदा पाहिलं. मग घड्याळाच्या हिशेबानं ते पुढे जिथं असायला हवं तिथं पाहिलं, तर आकाश रिकामं. यंत्रानं ठरवलं की काही नाहीच. स्कड एका मोठ्या गोदामावर कोसळलं, त्याची सैनिकांसाठी बराक केलेली होती. अठ्ठावीस सैनिक मेले. त्यांतले तेरा पेन्सिल्व्हेनियाच्या एका छोट्या शहरातून आलेल्या राखीव तुकडीचे होते. त्यांचं काम सैन्याला पाणी शुद्ध करून देण्याचं.

सुधारलेली आज्ञावली दहरानला पोचली २६ फेब्रुवारीला. युद्धकाळात दूरदूरच्या तुकड्यांपर्यंत विमानानं आणि रस्त्यानं ती न्यायला दहा दिवस लागले होते.

आता मंगळावर जाऊ. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण मुकादमाचा दोष म्हणजे काय हे तिच्याइतकं दुसऱ्या कुठल्या गोष्टीत स्वच्छ दिसत नाही.

४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर हे यान हवेच्या पिशव्यांवर उड्या मारत मंगळावर उतरलं. त्याच्या पोटातून साडेदहा किलोची सोजर्नर ही गाडी बाहेर आली. यानाच्या संगणकात ‘व्हीएक्सवर्क्स’ नावाची तयार ऑपरेटिंग सिस्टीम होती, विंड रिव्हर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीची. काही दिवस सगळं झकास चाललं. मग यानाचा संगणक अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. जमवलेली माहिती जात नव्हती, पण त्या दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर पडत होती. आणि यानाचं ठरवलेलं आयुष्य होतं अवघं तीस दिवसांचं.

आत काय घडत होतं ते समजायला एका कचेरीची कल्पना करा. साहेब आहेत, दोन-तीन कारकून आहेत आणि एक शिपाई आहे. दप्तराच्या खोलीची किल्ली एकच. कोणी आत असेल तर दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. शिपाई एक कागद ठेवायला किल्ली घेऊन निघाला. तेवढ्यात साहेबांना दप्तर हवं झालं. ते किल्लीसाठी थांबले. शिपायाला कागद ठेवून परत यायला मिनिटभर लागणार. इथवर काही बिघडलं नाही. पण वाटेत कारकुनानं शिपायाला अडवलं: आधी माझी फाइल पोचव. कारकुनाचा हुद्दा शिपायाहून वरचा, त्यामुळे शिपाई निमूट गेला, किल्ली खिशातच. मग दुसऱ्या कारकुनानं चहा सांगितला. साहेब बसलेत वाट पाहत. कारकुनाची साहेबांना अडवायची छाती नाही आणि त्यानं अडवलंय हे त्याच्या गावीही नाही. पण प्रत्यक्षात कारकुनाच्या चहासाठी साहेब खोळंबले आहेत. हुद्द्यांची उतरंड उलटी झाली.

पाथफाइंडरमध्ये साहेब होतं यानाच्या सगळ्या भागांना जोडणाऱ्या वाहिनीवरची माहिती वाटणारं काम. शिपाई होतं हवामानाची निरीक्षणं गोळा करणारं काम. मधले कारकून म्हणजे इतर मध्यम महत्त्वाची कामं. वाहिनीची फेरी सेकंदाला आठ वेळा व्हायची. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक पहारेकरी पाहायचा, की मागच्या फेरीचं वाटप पुरं झालं का. झालं नसेल तर काहीतरी भयंकर बिघडलं आहे असं समजून तो सगळी कचेरी रिकामी करायचा आणि कामकाज पहिल्यापासून सुरू करायचा. पहारेकऱ्याची यात चूक नव्हती. त्याला तसंच सांगितलेलं होतं.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. दोष वर आला तो यान अपेक्षेपेक्षा चांगलं चालल्यामुळे. पृथ्वीशी होणारी देवाणघेवाण इतक्या वेगानं होऊ लागली की शास्त्रज्ञांनी जास्त निरीक्षणं मागवली, कारकुनांची कामं वाढली आणि शिपायाला वाटेत अडवण्याचे प्रसंग वाढले. वाईटात वाईट काय होईल याच्या चाचण्या झाल्या होत्या. चांगल्यात चांगलं काय होईल, याची कल्पनाच तोकडी पडली होती. उड्डाणापूर्वीही हा दोष दिसला होता, पण पुन्हा घडवून आणायला गेलं की घडेना. जो दोष बोलावल्यावर येत नाही त्याला पकडणार कसं? आपल्याकडच्या मिस्तरीला विचारा. तो आला की मोटर कशी नीट चालते, हा अनुभव त्यालाही आहे.

पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ग्लेन रीव्ह्ज या चमूचा प्रमुख होता. त्यांच्या हाताशी तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही आधीच कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेल्या होत्या. एक, यानाची हुबेहूब जोडी प्रयोगशाळेत जपलेली होती. दुसरी, कोणतं काम कधी सुरू झालं, कधी थांबलं, किल्ली कोणाकडे होती, याची बारीक नोंद ठेवणारी सोय आज्ञावलीत होती आणि चाचण्या संपल्या म्हणून ती काढून टाकलेली नव्हती. जे तपासलं तेच उडवायचं, हा त्यांचा दंडक. आणि तिसरी, यानावरची आज्ञावली दुरून बदलता येईल असा सुरक्षित मार्ग राखलेला होता. त्यांनी प्रयोगशाळेतल्या जोडीवर कामांचा मारा केला, नोंद चालू ठेवली आणि दोष घडवून आणला. एकदा तो नोंदीत उतरला मात्र, कारण लगेच दिसलं.

औषध नवं शोधायचं नव्हतं. हा घोटाळा १९८० पासून संगणकशास्त्रात नोंदलेला होता आणि १९९० मध्ये लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोझ्की या तिघांनी त्यावरचा उपाय गणितानं सिद्ध करून मांडला होता. उपाय असा: किल्ली ज्याच्या हातात आणि साहेब ज्याच्यासाठी खोळंबले, तो तेवढ्यापुरता साहेबांच्या हुद्द्याचा. शिपायाला वाटेत कोणी अडवायचं नाही. किल्ली परत दिली की तो पुन्हा शिपाई. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती. पण ही विशिष्ट किल्ली पाथफाइंडरच्या चमूनं बनवलेलीच नव्हती. ती विकत घेतलेल्या आज्ञावलीच्या पोटात, एका तयार भागानं स्वतःच घडवली होती आणि तिच्यापुरती ती सोय बंद होती.

बंद सोय चालू करायची, एवढंच. पण ती बदलली की तशा सगळ्याच किल्ल्यांचा नियम बदलणार होता. त्यानं दुसरं काही बिघडणार नाही ना, हे त्यांनी विंड रिव्हरच्या मंडळींबरोबर बसून तपासलं, प्रयोगशाळेतल्या जोडीवर चालवून पाहिलं आणि मग जुन्या-नव्यातला तेवढा फरक मंगळावर पाठवला. संदेश पोचायलाच दहा मिनिटांहून अधिक लागत होते. यानानं तो फरक पडताळून स्वतःत बसवला. त्यानंतर आपोआप बंद पडणं थांबलं. तीस दिवसांसाठी गेलेलं पाथफाइंडर २७ सप्टेंबरपर्यंत बोलत राहिलं.

त्याच वर्षी डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत विंड रिव्हरच्या डेव्हिड विल्नरनं ही कथा सांगितली. तो निबंध लिहिणारे तिघंही समोर बसलेले होते. सभागृहानं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. कागदावरच्या सिद्धान्ताला असं दाद मिळण्याचं भाग्य क्वचितच लाभतं.

तुम्ही म्हणाल, बंद करून पुन्हा चालू करा, हाच शेवटी सगळ्यावरचा रामबाण दिसतो. अपोलोत त्यानं तारलं, कोलंबियात त्यानं तारलं, दहरानला तारलं असतं. मंगळावरच्या स्पिरिट या गाडीनं मात्र तो समज खोटा पाडला. जानेवारी २००४ मध्ये उतरल्यावर अठराव्या मंगळदिवशी ती अबोल झाली. तिच्यातही व्हीएक्सवर्क्सच होतं आणि आज्ञावलीच्या चमूत पुन्हा ग्लेन रीव्ह्ज होता. सात महिन्यांच्या प्रवासात साठलेल्या फायलींची यादी इतकी वाढली होती की ती वाचताना चालू स्मृतीतली जागा संपायची. जागा संपली की गाडी स्वतःला पुन्हा सुरू करायची. सुरू झाली की पहिलं काम ती यादी वाचायची. साठहून अधिक वेळा हे चक्र फिरलं. रात्री झोपायचं सोडून ती जागत राहिली आणि बॅटरी उतरत गेली. शेवटी अभियंत्यांनी तिला कळवलं की या वेळी साठवणीकडे न पाहता सुरू हो. ती सुरू झाली, नको त्या फायली काढल्या, साठवण नव्यानं मांडली आणि नव्वद दिवसांसाठी गेलेली ही गाडी मार्च २०१० पर्यंत संपर्कात राहिली.

मंगळावरची यंत्रं इतकी नीट सांभाळली जातात याचं एक कारण साधं आहे. ती मोजकी आहेत आणि प्रत्येकीमागे माणसं नेमलेली आहेत. जमिनीवरची गोष्ट वेगळी. जुलै २०१९ मध्ये आर्मिस या सुरक्षा कंपनीनं जाहीर केलं की त्याच व्हीएक्सवर्क्सच्या, नेटवर्कशी बोलणाऱ्या भागात अकरा भगदाडं आहेत, त्यांतली सहा अतिशय गंभीर. तो भाग मुळात इंटरपीक या स्वीडिश कंपनीचा. विंड रिव्हरनं ती कंपनी २००६ मध्ये घेतली होती. पण त्याआधी इंटरपीकनं तोच भाग इतर ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनाही दिलेला होता, त्यामुळे दोष कुठं कुठं पोचलाय हे शोधणंच एक काम होऊन बसलं. १ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं रुग्णालयांतल्या उपकरणांबाबत इशारा दिला. विंड रिव्हरनं दुरुस्त्या तोवर दिलेल्या होत्या. पण औषधाच्या पंपात किंवा कारखान्यातल्या नियंत्रकात विंड रिव्हर थेट काही बसवू शकत नाही. ते काम उपकरण बनवणाऱ्याचं. त्यानं आपल्या यंत्रावर ते आधी तपासायला हवं, मग रुग्णालयानं किंवा कारखान्यानं यंत्र काही वेळ बंद ठेवायला हवं. रात्रंदिवस चालणारं यंत्र बंद ठेवायची तारीख कोणी द्यायची, यावर कागद फिरत राहतात. डिसेंबर २०२० मध्ये आर्मिसनं पुन्हा पाहणी केली तेव्हा कारखान्यांतली बहुसंख्य यंत्रं जुन्याच आज्ञावलीवर चालू होती.